उंबऱ्यावर आपटलेला कॉम्प्युटर

आधी माझी तक्रार. मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलंत, थोरलीचा मान दिलात. पण माझा धाकटा दुइशे नारिन शहरातल्या दवाखान्यात डोळा बांधून पडलाय, त्याचं नाव या मंचावर एकाच्या तरी तोंडून निघालं का? सगळे माना खाली घालून हाडं चोखताय!

हं. आता रीत. अध्यक्षपदी बसलेले ओसमोन हेडमास्तर, तालुक्याहून आलेले पाहुणे, आज शाळेतून निवृत्त होणाऱ्या आमच्या सैराकान बाई, आणि समोरच्या बायाबापड्यांनो, सगळ्यांना सलाम.

बाईंबद्दल मी काय बोलणार? मी दोन इयत्ता शिकलेली, त्याही घोड्या दोहता दोहता. बाईंनी माझ्या दोन्ही पोरांना शाळेतल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर अक्षरं बडवायला शिकवलं. नवे आले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "भंगारात द्या." बाई म्हणाल्या, "चालतोय तोवर बालवाडीला द्या. बंद पडला की शहरात पाठवा, तिथे त्याचे भाग नीट सुटे करतात." काय चुकलं त्यांचं?

पण माझा थोरला तोलोगोन पडला भंगारवाला. मला, आईला म्हणतो, "आपा, त्या कॉम्प्युटरच्या पोटात सोनं आहे!" त्या सोन्यासाठी तो माझ्या गोठ्यात अ‍ॅसिड उकळतो. धुरानं कोकरं फेस ओकून मेली. त्याची लेक खोकली की फडक्यावर रक्त येतं. मी सांगितलं, सुनेनं सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत हलली असती.

सोमवारी त्यानं शाळेतून तो कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि घोड्यावर बसून मांडीखाली दाबला. दुइशे घोडा घेऊन आडवा आला.

"बाइके, थोरला भाऊ ना तू, ठेव खाली. तुझ्याच पोरीच्या छातीत जातोय तो धूर."

"हट! बाईचं शेपूट!"

झोंबले दोघं. आता तुमचा पराक्रम ऐका. दोन घोड्यांवर दोन गडी, मध्ये ओझं. तुम्हाला वाटलं, उलाकचा खेळ चाललाय, बिनमुंडक्याच्या बोकडाऐवजी डबा! सोडवायचं सोडून तुम्हीही घोडे घातलेत. "ओढ! ओढ!" चाबूक तोंडांवर बसले, कुणाचा दात पडला, त्यालाही हसलात. डब्याची वायर दुइशेच्या मनगटाला गुंडाळलेली, ती मांस कापत हाडाला भिडली. त्यानं डबा सोडला. माझं घर शाळेसमोर, मी दारातून बघितलं, सोडला होता त्यानं. तरी तोलोगोननं डबा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. पत्र्याचा कोपरा डोळ्यात रुतला. आणि तुम्ही टाळ्या पिटल्यात!

मग या वीरानं डबा आणून माझ्या उंबऱ्यावर आपटला. बरं केलं. उलाकचा बोकड ज्याच्या दारात पडतो त्याचा होतो, ही तुमचीच रीत. म्हणजे डबा माझा. बाईंनी उघडून बघितला. पत्रा चेपलाय, आतला जीव शाबूत आहे. तो बालवाडीत जाणार. दुरुस्त तोलोगोनच करणार, फोडायला येतं त्याला जोडायलाही येईल. गोठ्याला मी कुलूप घातलंय. त्याला हात लावेल त्याची बोटं मोडीन, मग तो माझ्या पोटचा का असेना.

बाई, हा चपान खांद्यावर घ्या, थंडीत ऊब देईल. तुम्ही शिकवलंत, त्याचे उपकार आहेत. जेवण रांधणाऱ्यांचे आभार, ऐकून घेतलंत म्हणून तुमचेही. अडाणी म्हातारीची जीभ कुठे जास्त लागली असेल तर पोटात घाला.

तोलोगोन, ऊठ. दुइशेनं डबा सोडला होता. मग का मारलंस? सूनबाई, तू गप्प बस. हेडमास्तर, तुम्हीही. याचं उत्तर तोलोगोननंच द्यायचं, उभं राहून, सगळ्यांसमोर.