तिसऱ्या बरणीतला कांदा

(कुंभकोणम्, १९५६ चा वैशाख. परसात विहिरीपलीकडच्या कट्ट्यावर काचेच्या तीन बरण्या. प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा, मुळं पाण्यात. सुट्टीला आलेला प्राध्यापक वेणुगोपाळ, आणि त्याला लहानाचा मोठा केलेली त्याची विधवा अत्या, अंबुजा.)

अत्या: तुळशीला मी रोजच पाणी घालते. त्यात उलटतपासणी काय करायची?

वेणू: तुळस नव्हे, अत्या. कांदा.

अत्या: सकाळी सकाळी त्याचं नाव नक्को घेऊस. माझी पूजा व्हायची आहे अजून.

वेणू: बरं, नाव घेत नाही. ह्या तिसऱ्या बरणीवर जे बसलंय, त्याच्या पाण्यात तू काय घातलंस?

अत्या: मी त्याला शिवतसुद्धा नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी तंजावरास राजाची चाकरी केली, काय काय पाहिलं, पण हे कुणी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तू लंडनला जाऊन आलास नि तीन आणलेस.

वेणू: आत कुठे आणले? विहिरीपलीकडे आहेत. जागा तूच दाखवलीस.

अत्या: दाखवली. अभ्यास आहे मणालास, मणून दाखवली.

वेणू: मग इकडे ये आणि बघ. ह्या दोन बरण्यांतली मुळं दोऱ्यासारखी सरळ आहेत. आणि ह्या तिसरीत? प्रत्येक टोकाला गाठ. समईच्या वातीला काजळी धरते तशी.

अत्या: पुष्ट झालाय बिचारा. तुजला आनंद व्हायला हवा.

वेणू: मूळ असं पुष्ट होत नसतं. मी आज एक टोक कापलं, रंगात बुडवलं, काचेखाली चेपलं आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

अत्या: मणून दार लावून बसला होतास होय? मजला वाटलं, स्वीडनच्या त्या प्रयोगशाळेच्या लोकांना होकार लिहितोयस.

वेणू: त्याचं नंतर. तुला मागे सांगितलं होतं, पेशीची वाटणी कशी होते ते.

अत्या: ध्यानात आहे. भाऊ वेगळे निघतात तसं. आधी घरातल्या प्रत्येक जिनसेची जोडी करायची, मग दोन्हीकडून दोरे लावून आपापला हिस्सा ओढून न्यायचा, मग मध्ये भिंत. शेजारच्या नागलक्ष्मीला सांगितलं तर ती मणाली, आमच्याकडे भिंत आधी घातली, हिस्से अजून कोर्टात आहेत.

वेणू: तर ह्या मुळात हिस्से तयार आहेत, पण ओढायचे दोरेच नाहीत. सगळं सामान दुप्पट होऊन एकाच खोलीत पडलंय. भिंतीचा पत्ता नाही.

अत्या: मग चांगलं आहे की. एकत्र कुटुंब.

वेणू: दोरे आपोआप विरघळत नाहीत, अत्या. ते विरघळवणाऱ्या वस्तू जगात थोड्या. त्यातली एक मी अठरा वर्षं वापरतोय. पिवळसर चूर्ण. चिमूटभर मागवायचं तर तीन साहेबांच्या सह्या लागतात. या खेपेस मी ते आणलेलंच नाही.

अत्या: वाऱ्यानं आलं असेल.

वेणू: ते एका परदेशी फुलाच्या कंदातून काढतात. आपल्याकडे तिरुवलंचुळीच्या वाटेवर कुंपणांवर कळलावी फुलते ना, तिच्या कंदातही असतं.

अत्या: कळलावी? ती घरात आणली तर भांडणं लागतात.

वेणू: घरात बाटलीतून आली. महामहाच्या यात्रेला गर्दीत तळ्यात उतरलीस, तेव्हापासून तुझ्या पायाचा अंगठा सुजलाय. त्यावर डॉक्टर वैद्यनाथांनी जे औषध दिलंय, ते त्याच परदेशी कंदाचा अर्क आहे.

अत्या: कापी घेतोस?

वेणू: घेतो. पण आधी सांग.

अत्या: दूध आत्ताच आलंय. चुलीवर ठेवलं नाही तर नासेल.

वेणू: अत्या.

अत्या: सरि, बरं. पळीनं घातलं. वरून. शिवले नाही.

वेणू: किती?

अत्या: बाटलीवर त्यानं कागदाच्या खुणा चिकटवल्यात ना, त्यांबरहुकूम. सकाळी एक खूण, संध्याकाळी एक. एकदा चुकवली नाही.

वेणू: काल डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि खूश झाले. मला म्हणाले, प्रोफेसर, इतक्या नेमानं औषध घेणारा रोगी मला साऱ्या गावात मिळाला नाही.

अत्या: नेम मी मोडत नाही.

वेणू: आणि तू त्यांना सांगितलंस, दुखणं निम्म्यावर आलं.

अत्या: त्याला बरं वाटलं. रोग्यानं डॉक्टराला थोडं बरं वाटू द्यावं.

वेणू: घेतलं का नाहीस?

अत्या: वास घेतलास त्याचा? पहिल्या दिवशी पळी ओठाशी नेली नि तशीच खाली ठेवली. वैद्यनाथाला विचारलं, हे कशात कालवलंयस? तो मणतो, मामी, स्पिरिटशिवाय अर्क उतरत नाही, औषध मणून चालतं. मी मणाले, कुणाला चालतं? वर मजला समजावतो, हा राजांचा रोग आहे, मांसमद्य घेणाऱ्यांना होतो. मणजे रोग मद्याचा, औषध मद्याचं, नि मध्ये मी, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारी. हसतोस काय?

वेणू: हसत नाही. ओतायचंच होतं तर दुसरीकडे कुठेतरी ओतायचं.

अत्या: कुठे? तुळशीत स्पिरिट घालू? मोरीचं पाणी केळीला जातं, तिच्या पानावर आपण जेवतो. पन्हाळीला गाय तोंड लावते. अख्ख्या परसात एकच जीव असा, ज्याचं आणखी काही बिघडणार नव्हतं.

वेणू: माझा कांदा.

अत्या: जन्मतःच बाटलेला. तो चहाड्या करील हे मजला काय ठाऊक?

वेणू: मला सांगायचंस. मी दुसरं काही पाहिलं असतं. सांगायचं सोडून माझ्यादेखत विहिरीवरून भरलेल्या घागरी आणत राहिलीस.

अत्या: आणल्या.

वेणू: आणि मी आत वळलो की खांब धरून बसत होतीस. मला वाटलं, उन्हानं दमलीस.

अत्या: तू आलास त्या दिवशी दारापुढच्या तिन्नईवर, ओट्यावर बसून काय मणालास, आठवतं? अत्याचा पाय बरा झाला तर स्वीडन, दोन वर्षं. नाही झाला तर मद्रासची ती औषधवाल्यांना शिकवायची नोकरी, मणजे रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी इथं.

वेणू: म्हणालो होतो.

अत्या: ते ऐकलं नि माझा पाय बरा झाला.

वेणू: म्हणून त्या घागरी!

अत्या: असा बघत राहू नक्को. बस त्या कट्ट्यावर. त्यांच्यापासून लांब बस. लोक मजला विचारायचे, तुमचा वेणू एवढा शिकला, तो करतो काय? मी सांगायची, कांद्याच्या आत काय चाललंय ते बघतो. बायका पदर तोंडाला लावायच्या. इतकी वर्षं मी ते हसणं ऐकून घेतलं. ते काय शेवटी माझ्या अंगठ्यापायी तू बाटल्या भरायला शिकवावंस मणून?

वेणू: बाटल्या भरायला नव्हे. आता कायदा झालाय. औषध देणारा शिकलेला हवा. शिकवणारे मिळेनात, म्हणून पेशीवाल्याला हाक मारली.

अत्या: तेच. भटजी मिळेना मणून आचाऱ्याला पाटावर बसवायचं.

वेणू: मलाही तसंच वाटलं होतं. मद्रासच्या कॉलेजनं विचारलं तेव्हा मी चेहरा गंभीर ठेवला, एवढंच. पण आज ती पेशी पाहिली. आधी तर मला आनंदच झाला, अत्या. इतकी स्वच्छ अडलेली वाटणी मला प्रयोगशाळेतही क्वचित साधलीय. कागद घेऊन आकृती काढायला बसलो. अर्धी काढून झाल्यावर लक्षात आलं, हा माझ्या अत्याचा अंगठा आहे.

अत्या: मग आकृती पुरी केलीस की नाही?

वेणू: केली.

अत्या: चांगलं केलंस.

वेणू: ज्या चूर्णानं मी पेशी थांबवतो, ते कुणाला प्यावंही लागतं, हे पुस्तकात वाचलं होतं. कुणाला ते पिता येत नसेल, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. वैद्यनाथ काही वाईट डॉक्टर नाहीत. बाटली देण्याआधी एक गोष्ट विचारावी, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही.

अत्या: काय विचारावं?

वेणू: की मामी, हे तुमच्या घशाखाली उतरेल का?

अत्या: हे कॉलेजात शिकवणार?

वेणू: पहिल्या दिवशी.

अत्या: नि त्याचा पगार देतात?

वेणू: वेळेवर देतात म्हणे.

अत्या: ते राहू दे. स्पिरिटशिवाय अर्क उतरत नाही, मग तू काय करणार?

वेणू: अर्क नकोच. शुद्ध चूर्ण घ्यायचं, मुंगीच्या डोक्याएवढं, आणि दुधाच्या साखरेत घोटून गोळी करायची.

अत्या: कांद्याला घालतोस त्याच बाटलीतलं?

वेणू: नाही. औषधाचं वेगळं मिळतं. ते विषच आहे, म्हणून तोलून, आणि किती द्यायचं ते वैद्यनाथ सांगतील.

अत्या: घोटणार कोण?

वेणू: मी. आंघोळ करून.

अत्या: ओलेत्यानं?

वेणू: ओलेत्यानं घोटलं तर चूर्ण भिजेल. धुतलेलं वस्त्र नेसून.

अत्या: गोळी बांधायला काय? नागलक्ष्मीच्या नवऱ्याच्या औषधात हाडाचा सरस होता मणे.

वेणू: मध.

अत्या: एकादशीला?

वेणू: तेही वैद्यनाथांनाच विचारतो. बिचाऱ्यांना सवय होऊ दे.

अत्या: सरि. गोळी घेईन. पण पायासाठी तू स्वीडन सोडायचं नाही. सोडलंस तर ती गोळीही कुठे जाईल, सांगता येत नाही.

वेणू: पायासाठी सोडत नाही. पाय गोळीनं बरा होईल.

अत्या: मग?

वेणू: तिथे गेलो तर दोन वर्षं माझे कांदे अगदी सुरक्षित राहतील. त्यांच्यात चोरून औषध ओतणारं तिथे कुणी नाही.

अत्या: चेष्टा नक्को. आतलं बघायचं ते बंद होणार का, तेवढं सांग.

वेणू: बंद कशाला होईल? औषध पेशीत जाऊन काय करतं, हे त्या मुलांना दाखवायला नको? मद्रासच्या कॉलेजात खिडकी असेलच. खिडकीत बरण्या मावतात.

अत्या: माझी शपथ?

वेणू: तुझी शपथ. आता आत चल, पाय पाटावर ठेव. मी आजच मद्रासला जातो, चूर्ण घेऊन परततो. तोवर घागरी नाहीत, जिना नाही, डॉक्टरांना खूश करणं नाही.

अत्या: नि ह्यांचं काय? उन्हानं पाणी आटतं, रोज भर घालावी लागते मणालास.

वेणू: राहू दे. वाळले तर वाळले. दुसरे आणू.

अत्या: वाळले तर वाळले कसे? तुझी आकृती एकाचीच झालीय. काठी घेऊन येत जाईन. पळीनं घालीन, वरून.

वेणू: अत्या, तू कांद्याला पाणी घालणार?

अत्या: तू गाडी बघ. जाण्याआधी एवढंच सांगून जा. ह्यांना विहिरीचं चालतं, की कावेरीचं लागतं?