गाईवाला कप

दत्तप्रसाद : जॅकेट टाक त्याच्यावर.

अवनी : कशावर?

दत्तप्रसाद : कपावर. ऊन लागतंय.

अवनी : बाबा, कपाला ऊन लागत नाही.

दत्तप्रसाद : शेजारच्या गाडीतले बघतायत.

अवनी : बघू देत की! बघायलाच असतो ना कप? शारजाच्या या जॅममध्ये बिचाऱ्यांची तेवढीच करमणूक.

दत्तप्रसाद : अवनी, त्याच्यावर गाय आहे.

अवनी : डेअरीवाल्यांनी स्पॉन्सर केलाय. इंटरकॉलेज डेअरी कप. त्यावर गाय नाही तर काय फाल्कन असणार?

दत्तप्रसाद : आणि डिकीत काय भरलंयस? गाडी मागून दबलीये.

अवनी : लबन. प्रत्येक प्लेयरला एक एक खोका. बाकीच्या मुली मेट्रोने जाणार, म्हणाल्या कॅप्टन, तूच ने सगळे.

दत्तप्रसाद : लबन म्हणजे ताक.

अवनी : हो, ताक.

दत्तप्रसाद : कॉलेजची टीम बास्केटबॉल जिंकून आली आणि बक्षीस काय, तर ताक.

अवनी : अँड अ कप. अँड मेडल्स. आणि बघा, शेवटी तुमच्या तोंडून 'जिंकून' निघालं! इतका वेळ मी वाट बघत होते.

दत्तप्रसाद : असं काय करतेस? गाडीत बसताना मी अभिनंदन म्हटलं होतं.

अवनी : 'बेल्ट लाव, अभिनंदन,' असं म्हणालात. एका दमात.

दत्तप्रसाद : बेल्ट महत्त्वाचा असतो.

अवनी : बाबा, स्क्रीनवर आत्याचा मेसेज आलाय.

दत्तप्रसाद : राहू दे. घरी गेल्यावर बघतो.

अवनी : वाचते ना मी. 'दत्ता, पोरीला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. ऑल गल्फसारख्या मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणं म्हणजेसुद्धा...' एक मिनिट. पहिल्या फेरीत कोण हरलं?

दत्तप्रसाद : गाडी चालवताना मेसेज वाचू नयेत.

अवनी : मी चालवत नाहीये. बाबा, हे गेल्या वर्षीचं आहे की आजचं?

दत्तप्रसाद : हे बघ. जानेवारीत तुम्ही ऑल गल्फला क्वालिफाय झालात, ते मी फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं. खरं होतं ते. पुण्याच्या घरी पेढे वाटले तुझ्या विभाआत्यानं. मग तुम्ही मुलींनी हात वर करून ठरवलं की तिकडे जायचं नाही, या गाईकडे जायचं. आता मी ग्रुपवर काय लिहिणार होतो?

अवनी : काय लिहिलंत?

दत्तप्रसाद : मंगळवारी ऑल गल्फ सुरू झाली. तर मंगळवारी लिहिलं, की... हरली. पण अनुभव मोठा मिळाला.

अवनी : म्हणजे ज्या मॅचला मी गेलेच नाही, त्या मॅचमध्ये तुम्ही मला हरवलंत?

दत्तप्रसाद : थोडक्यात हरवलं. सहा पॉइंट्सनी.

अवनी : सहा? गेल्या वर्षी खरोखर गेलो होतो, तेव्हा सत्तेचाळीसने हरलो होतो!

दत्तप्रसाद : म्हणूनच म्हटलं, थोडी सुधारणा दिसू दे.

अवनी : अनबिलीव्हेबल. मला आज कप मिळालाय, आणि पुण्यात सगळे माझं सांत्वन करतायत.

दत्तप्रसाद : रागावू नकोस. लोकांना काय कळतं ते समजून घे. 'ऑल गल्फ' म्हटलं की समोरचा सरळ बसतो. गेल्या वर्षी मरीना भागातल्या माझ्या ऑफिसात सांगितलं, तर साहेबांनी उठून हात मिळवला. नंतर निकाल कोण विचारतो? तू तिथे होतीस, एवढं पुरतं.

अवनी : किती वेळ होते, माहितीये? हॉटेल तीन दिवसांचं बुक होतं. सकाळी दहाला मॅच सुरू झाली, जेवायच्या आत आम्ही परत बसमध्ये. कुपन्स उरली म्हणून कोचने सगळ्यांना शावर्मा घेऊन दिला. सगळ्या रडत रडत शावर्मा खात होत्या. आणि इन्शा खात नव्हती. ती म्हणाली, मी कुठे खेळले, मला कशाला भूक लागेल?

दत्तप्रसाद : मरियमबीची इन्शा? ती होती टीममध्ये?

अवनी : ती तीन वर्षं टीममध्ये आहे, बाबा! आपल्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मोठ्या टीमशी गाठ पडली की कोच सातच मुली खेळवतात. उरलेल्या पाच टॉवेल धरून बसतात. यंदा कोच म्हणाले, दोन्ही स्पर्धा एकाच आठवड्यात आहेत, काय ते तुम्हीच ठरवा. पहिला हात मी वर केला. तुम्ही तेव्हा मला काय म्हणालात, आठवतंय?

दत्तप्रसाद : लेन बदलतोय. बोलू नकोस.

अवनी : 'घाबरलीस' म्हणालात. आणि आज फायनलला आला नाहीत. आई आली, मरियम आंटी आली. मॅच संपल्यावर बघते, तर तुम्ही पार्किंगमध्ये.

दत्तप्रसाद : ...जॅकेट नको टाकूस. राहू दे.

छाया : (घराच्या दारात) थांब! थांब गं, उंबऱ्याच्या आत पाय टाकू नकोस. अहो, तुम्ही बाजूला व्हा, तुम्हाला नाही ओवाळायचंय. हे काय, डोक्यावर खोके कसले?

दत्तप्रसाद : ताक आहे. आणखी डिकीत आहेत. मी एकटाच हमाल.

छाया : ठेवा खाली. मरियमबी, या इकडे! आली बघा आपली कॅप्टन. आम्ही तिघी टॅक्सीने पुढे आलो ना, तेव्हापासून मी तबक घेऊन उभी आहे, तेल संपत आलं निरांजनातलं.

मरियमबी : आलेय गो, आलेय. इन्शा न्हायला गेलीय, तोवर मी बुखूरचा धूप पेटवला तिच्यासाठी. घरभर फिरवला, म्हटलं आता पॅसेजात पण फिरवूया. माशाल्ला, माशाल्ला! अवनी, नजर नको लागायला. दत्ताभाऊ, तुम्ही का असे तोंड पाडून? पोरींनी कप आणला नं?

दत्तप्रसाद : नाही, नाही. उकाडा आहे जरा.

अवनी : आई, यू वर देअर. परत कशाला ओवाळतेस?

छाया : तिथे मी ओरडत होते. ओवाळायचं घरी असतं. मान खाली कर. कप असा पुढे धर, त्यालाही कुंकू लावते. अगंबाई, किती गोड गाय आहे! गाईला तर लावायलाच पाहिजे.

दत्तप्रसाद : छाया, तो कापूर किती घेतलायस?

छाया : घेतला मूठभर. रोज रोज कप येतो का घरी?

मरियमबी : थांब, मी पण बुखूर फिरवते कपावरून. दोघींचा आशीर्वाद एकदम होऊ दे.

अवनी : आंटी, वर बघा. आई, वर! तो स्मोक डिटेक्टर...

(इमारतीचा फायर अलार्म वाजू लागतो.)

दत्तप्रसाद : झालं! विझवा ते. विझवा!

छाया : निरांजन फुंकायचं नसतं!

दत्तप्रसाद : अगं, अख्खा टॉवर खाली उतरतोय आणि तू शास्त्र सांगतेस!

मरियमबी : या अल्ला, इन्शा न्हाणीत आहे! इन्शा! अगो बाहेर ये, केस तसेच असू देत!

अवनी : लिफ्ट बंद झाली. जिन्याने चला. यल्ला, बाबा, कप तुम्ही धरा, मी आंटींना हात देते.

दत्तप्रसाद : मी? हा घेऊन सगळ्यांसमोर उतरू?

छाया : उतरा. कुंकू लावलेली गाय कुणाला चावत नाही.

दत्तप्रसाद : (जिना उतरताना) हॅलो, हॅलो सर... हो, अलार्म. नाही, आग नाही सर... हे? हा कप आहे... नाही, मी नाही जिंकला.

छाया : कोण होते ते?

दत्तप्रसाद : वरच्या मजल्यावरचे बँकवाले. विचारत होते, आग लागल्यावर माणूस पासपोर्ट घेऊन पळतो, तुम्ही कप घेऊन का पळताय?

मरियमबी : मग सांगा नं त्यांना, मुलीचा आहे म्हणून! दत्ताभाऊ, तुम्ही आज पाहायला हवं होतं. माझी छाती अजून धडधडतेय.

दत्तप्रसाद : काय झालं शेवटी? म्हणजे... अवनीनं किती केले?

अवनी : नऊ. आणि मग पाचवा फाऊल. खलास. शेवटची दोन मिनिटं मी बाहेर होते.

दत्तप्रसाद : बाहेर? कॅप्टन बाहेर? मग जिंकलं कोण?

अवनी : इन्शा गेली माझ्या जागी. एका पॉइंटची लीड होती. अगदी शेवटच्या सेकंदांना त्यांच्या मुलीनं शॉट मारला, रिंगवर आपटला, आणि बॉल आला सरळ इन्शाच्या हातात. कोच ओरडतायत पास, पास! हिनं ऐकलंच नाही. बॉल पोटाशी धरला आणि खाली बसली.

मरियमबी : बसली म्हणजे अशी बसली, जशी काय बाजारातून आणलेली शेवटची सुरमई कुणी ओढून नेतोय!

छाया : दोन मुली ओढतायत तिला, हो! एक हाताला, एक जर्सीला. ही डोळे मिटून बसलेली. आणि भोंगा वाजला. भोंगा वाजल्यावरसुद्धा सोडेना. अवनी गेली, तिच्या कानात म्हणाली, इन्शा, संपलं, जिंकलो. तेव्हा कुठे डोळे उघडले पोरीने.

दत्तप्रसाद : ...आणि बाकीच्या?

अवनी : सगळ्या आत धावल्या. बाराच्या बारा. आज प्रत्येकीला खेळायला मिळालं होतं. बाबा, आज टॉवेल धरायला कुणीच उरलं नव्हतं.

दत्तप्रसाद : जरा थांबूया या मजल्यावर. दम लागला.

छाया : दम नाही लागला तुम्हाला. मला सांगा, घाबरलीस म्हणालात ना हिला? तुम्हाला कुणी विचारलं काय करता, तर तुम्ही आधी मरीनाच्या टॉवरचं नाव सांगता, मग मजला सांगता, मग समुद्र दिसतो ते सांगता. काम विचारायला माणूस उरतच नाही समोर. आणि समुद्र कुठून दिसतो हो?

दत्तप्रसाद : साहेबांच्या केबिनमधून.

छाया : तेच.

अवनी : आई, असू दे.

दत्तप्रसाद : नाही, बोलू दे तिला. बरोबर आहे. पुण्याच्या एका लहान कंपनीनं मला मॅनेजर करतो म्हटलं होतं, अवनी. तू तेव्हा रांगत होतीस. मी नाही म्हटलं, कारण नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मग इकडे आलो. आणि एकदा आलो, की आपण केलं तेच बरोबर, हे रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. सवयच झाली. तुझ्या बाबतीतही तेच केलं. मला यायला हवं होतं आज. चुकलं माझं.

अवनी : ओके, बाबा.

दत्तप्रसाद : ओके नाही. मला वाईट वाटतंय. इन्शा बॉल धरून बसली आणि मी पार्किंगमध्ये एसी लावून बसलो होतो.

मरियमबी : दत्ताभाऊ, रडू नका हो, बुखूर माझ्या हातात आहे, सगळ्यांना वाटेल धूर डोळ्यात गेला. चला खाली.

छाया : बापरे, केवढी गर्दी ही! आपल्या अल नहदाची अर्धी वस्ती इथेच आहे वाटतं.

मरियमबी : आणि सगळ्यांना ठाऊक झालंय, धूर कुणी केला. आमचे जहूर बघा, वॉचमनला समजावतायत. त्यांनी तर सगळा दोष कापरावर टाकला!

छाया : कापरावर? बुखूर काय वाऱ्याने पेटला होता?

अवनी : आई, आंटी, प्लीज! वॉचमन म्हणतोय, प्रत्येक मजला तपासल्याशिवाय कुणाला वर सोडता येणार नाही. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. किती गरम होतंय.

दत्तप्रसाद : अवनी, गाडीची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात आहे. काढ.

अवनी : का?

दत्तप्रसाद : माझे हात कपात अडकलेत. डिकी उघड. खोके काढ बाहेर.

अवनी : सीरियसली?

दत्तप्रसाद : अगं, आपल्यामुळे लोक उन्हात उभे आहेत. थंड नाही, पण ताक आहे. इन्शा, ये गं इकडे, असू दे डोक्याला टॉवेल, तू पहिली बाटली घे. आज तुझ्यामुळे आहे हे सगळं. भाईसाब, लीजिए! लबन, लबन! नहीं नहीं, फ्री है! हमारी बेटियाँ जीत के आई हैं!

छाया : ऐकलंस? 'जीत के' म्हणाले. आणि आवाज बघ.

मरियमबी : बँकवाले पण पितायत. दोन बाटल्या घेतल्या त्यांनी!

अवनी : बाबा, फोन. आत्या. व्हिडिओ कॉल आहे... कट करू?

दत्तप्रसाद : नाही. तूच धर, माझ्यासमोर धर. हां, विभा... नाही गं, आग नाही, आवाज सोड. ऐक, मंगळवारी मी जे लिहिलं ना ग्रुपवर, ते खोटं होतं... हो, खोटं. हरली नाही ती. तिकडे गेलीच नव्हती... अगं, लहान स्पर्धा होती. हो, लहान. तू नाव ऐकलेलं नसणार... बारा मुली होत्या, बाराही खेळल्या, आणि पहिल्या आल्या, विभा. पहिल्या!... आता मस्करी कशाला करू? अख्खी बिल्डिंग ताक पितेय इथे!

छाया : म्हणावं, पेढे पुन्हा वाट. मागचे चुकून वाटले होते.

दत्तप्रसाद : ऐकलंस ना? पुन्हा वाट... हो, कप आहे. हा काय माझ्या हातात.

अवनी : बाबा, कप उलटा धरलाय तुम्ही. आत्याला मागची बाजू दिसतेय.

दत्तप्रसाद : थांब विभा, फिरवतो. हां. आता दिसली गाय?