बापाचा क्लब

अरे, जळणं काय असतं ते मला एकवीस साली आयर्लंडमधल्या कासलबारला कळलं. हॉस्पिटलातला माझा ऑस्ट्रेलियन सहकारी चहाला खुशीत आला. त्याच्या जुन्या फुटबॉल क्लबला एक भारी पोरगा मिळाला होता, कारण पोराचा बाप पूर्वी तिथेच खेळलेला. तिकडे तसा नियमच आहे, बापाच्या क्लबचा पोरावर पहिला हक्क.

“मग नव्या क्लबांनी काय करायचं?” मी विचारलं.

“थांबायचं. त्यांच्या खेळाडूंची पोरं मोठी होईपर्यंत.”

मी आतून पेटलो. माझी मुलगी ईरा इथल्या गेलिक, म्हणजे आयरिश फुटबॉलच्या टीममध्ये बाकावर, आणि जिचे वडील याच क्लबातून खेळलेले ती मैदानात.

घरी तिला म्हटलं, “मी इथे कधी खेळलो नाही, म्हणून तुझी जागा गेली.”

ती आयरिश इंग्रजीत शांतपणे म्हणाली, “इट्स ग्रँड, बाबा, चालतंय. माझ्या मुलीची आई खेळलेली असेल.”