अंकुशराव मागं घेत नाहीत

मंडळी, अंकुशरावांच्या जीपचं स्टिअरिंग कधी नीट बघितलंय? मधोमध हॉर्नची काळी चकती. तिच्यावर रुपयाएवढी जागा घासून पांढरी पडलीय — रोज अंगठा बसतो तिथं! आणि शेजारचा सिग्नलचा दांडा? शोरूममधून आला तसा, कोराच! आता सांगा, वाट मागणारा हात मोठा, की वाट देणारा? लगेच माना डोलवू नका. आधी ऐका!

त्या दिवशी अंकुशरावांच्या भाचीचं लग्न. मुहूर्त बारा पस्तीसचा. आपल्याकडं रीत काय? मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही! आणि मामा कुठं? घाट उतरतायत — पीं पीं पीं! शेजारी कारभारीण इंदूबाई, मागं सून प्रणिता. माहेरी बापाचा टेम्पो चालवणारी पोर! तीन वर्षं किल्ली मागतेय. अंकुशरावांचं उत्तर ठरलेलं — "बघू, दिवाळीनंतर!"

अरुंद वळण आलं, अन् समोरून उसाचा ट्रॅक्टर! पीं पीं!

"ए, मागं घे!"

"मामा, मागं दोन ट्रॉल्या हायत! तुमीच घ्या की. चढणाऱ्याला वाट द्यायची असती!"

"मी? तीस वर्षांत मागं घेतली नाही!"

खरंच होतं, मंडळी! जन्मभर दुसऱ्यालाच मागं सारलं, मग स्वतः मागं जायला शिकणार कधी? आरसा बघावा, तर तो भांग पाडायला वळवलेला! रिव्हर्स टाकला — चाक गटाराकडं. पुन्हा टाकला — चाक दरीकडं!

"अहो, लग्न खाली आहे, पण रस्त्यानं जायचंय!" इंदूबाई ओरडल्या.

तेवढ्यात भाचीचा फोन. "मामा, तुम्ही आल्याशिवाय मी खोलीतून निघणार नाही हं!"

बारा वाजून सात मिनिटं. मांडव अजून वीस मिनिटांवर. अंकुशरावांचा सदरा घामानं पाठीला चिकटला.

प्रणिता हळूच म्हणाली, "मामंजी, मागं तीस पावलांवर रुंद जागा आहे. मी घेऊ?"

हसताय, मंडळी? मी कीर्तनाला येताना पाहिलं — आपल्या या देवळाच्या दारात एक गाडी आडवी लावलीय. आजीबाई तिला वळसा घालून, चिखलातून आत आल्या. कुणाची, ते मी विचारत नाही. ज्याची आहे, त्यानं हसणं थांबवलंय!

अंकुशराव उतरले. मागं जाऊन बसले. प्रणितानं आरसा फिरवला, मान वळवली, आणि एका दमात जीप रुंद जागेत नेऊन लावली. ट्रॅक्टर धडधडत वर गेला.

"लई उपकार, ताई!"

बारा वाजून अकरा मिनिटं. प्रणिता जागा सोडायला दार उघडू लागली. अंकुशरावांनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस तिथंच, पोरी. आजपासून किल्ली तुझी!"