कागलच्या आक्काताईंचा प्रश्न

माझ्या प्रबंधातल्या ज्या प्रकरणाचं तुम्ही सगळे कौतुक करता ना, ते मुळात त्यात नव्हतंच. बौद्ध भिक्षुणींवर मी सहा वर्षं काम केलं होतं. प्रबंध टाइप होऊन तयार होता. तेवढ्यात कागलच्या महिला मंडळानं व्याख्यानाला बोलावलं. बायका घर आणि चूल सोडून संघात गेल्या, तिथं शिकल्या, मोकळ्या झाल्या, असं मी तासभर रंगवून सांगितलं.

पुढच्या रांगेतल्या आक्काताई नावाच्या आजी उठल्या.

"बाई, त्यांनी चूल सोडली. मग सैपाक कोण करत हुतं?"

"त्या भिक्षा मागायच्या. घराघरांतून शिजलेलं अन्न मिळायचं."

"म्हंजे दुसऱ्या बायकाच रांधत हुत्या की."

सगळ्या हसल्या.

घरी येऊन मी त्या रांधणाऱ्या बायकांवर नवं प्रकरण लिहिलं आणि तळटीप दिली, 'हा प्रश्न कागलच्या आक्काताईंचा.' मार्गदर्शक सरांनी ती लाल पेनानं खोडली.

"अहो, असला संदर्भ चालत नाही. कुणीतरी विद्वान लागतो."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं.

"हा प्रश्न आजवर कुणाला कसा सुचला नाही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर खुर्चीत पुढं सरकले आणि नम्रपणे म्हणाले, "विद्यार्थ्यांना सुचवावं लागतं."