दर रविवारी चौदा मार्च

...आणि का ते विचारायचं नाही! आईच्या कॉम्प्युटरने तारीख मागितली की चौदा मार्च टाकायची, साल एकवीस वर्षांपूर्वीचं, बस्स. आता तुम्हीच सांगा, ते यंत्र दर वेळी विचारतं तर सगळे त्याला गोंजारतात, आणि मी विचारलं की मी उर्मट!

तुम्हाला सांगते, आईला जुन्या कॉम्प्युटरचं वेड. लोक भंगारात टाकायचे, ही उचलून आणायची, उघडायची, पुसायची, पुन्हा चालते करायची. सतरा जमवले! त्यातल्या लाडक्यावर चौदा मार्चला काहीतरी टाइप करत बसली, आणि पंधराला गेली. मी तेव्हा तीन वर्षांची. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला बाबा त्याची चादर काढणार, ब्रशने धूळ झाडणार, बटण दाबणार. आतल्या घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली, म्हणून ते बिचारं झोपेतून उठल्यासारखं विचारतं, आज तारीख काय? आणि आमच्याकडची शहाणी माणसं त्याला धडधडीत खोटं सांगतात! मी म्हटलं, बाबा, नवी बॅटरी बसवते, पाच मिनिटांचं काम. तर आत्या, बाबांची थोरली बहीण, "बसवशील आणि ते पुढे सरकेल! काही नको. चौदा मार्च टाक."

तारीख टाकली की आईचा छोटासा प्रोग्राम चालतो. हिरवी अक्षरं येतात, "पिल्लू आज तीन वर्षं, दोन महिने, नऊ दिवसांचं." पिल्लू म्हणजे मी! बाबा वाचतात, हसतात, आणि बघतात... माझ्याकडे नाही हो, माझ्या शेजारी, कमरेएवढ्या उंचीवर. कोण उभं असतं तिथे? मी हल्ली त्या बाजूला बघायचंच सोडलंय. आणि समोरची खुर्ची? तिच्यावर कोणी बसत नाही. बाबा वाकून, उभ्याउभ्याच टाइप करतात. का? विचारायचं नाही!

गेल्या रविवारी मी सांगून टाकलं, मला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात, संग्रहालयात, अशीच जुनी यंत्रं दुरुस्त करायची. बाबा म्हणाले, "आणि रविवारी?"

"रविवारी काय?"

"मी म्हातारा झालो गं. उद्या मी नसलो की तारीख कोण टाकणार?"

आत्या लगेच, "एवढ्याशा पोरीला कुठे पाठवतोस? लहान आहे ती."

लहान! चोवीस वर्षांची घोडी मी!

"वाद नको," आत्या म्हणाली. " चल, आज तूच टाक. चौदा मार्च."

मी खुर्ची ओढली. बसले. गारढोण होती...

"ऊठ तिथून!" आत्या किंचाळली.

"नाही उठणार. आणि चौदा मार्चही नाही टाकणार. कंटाळा आलाय मला तीन वर्षांची असण्याचा!"

आजची तारीख टाकली. एंटर.

यंत्र घरघरलं... थांबलं... इतका वेळ, की बाबांनी माझा खांदा घट्ट धरला. मग एकेक अक्षर उमटलं, "पिल्लू आज चोवीस वर्षं, पाच महिने, दोन दिवसांचं." आम्ही सगळे तिथेच थांबलो होतो हो, आई मात्र मोजायला तयार बसली होती! आणि खाली आणखी एक ओळ. कुणीच कधी न पाहिलेली, कारण आईने ती एकविशीनंतरच दिसेल अशी लिहून ठेवली होती...

"अजून घरातच? निघ आता!"

आत्याने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बाबांनी माझा खांदा सोडला. एरवी रविवारी जिथे कुणी माझ्या शेजारी उभं असतं, तिथे आज त्यांनी बघितलंच नाही.

आणि मी? मोठ्यांचं ऐकायचं नाही म्हणून एवढी भांडले... शेवटी ऐकावं लागलंच की हो!