सायबाची पाटी

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हाचं सांगतो. गावात सरकारी जीप आली. शाळेच्या खिडक्यांना पोती लावली आणि जिल्ह्याच्या इतिहासाची फिल्म सुरू झाली. बघतो तर दुष्काळात खोदलेलं आमचंच तळं! डोक्यावर मातीची पाटी घेऊन पुढारी चाललेत, मागं कामावरच्या बाया दिसतायत आणि वरून भारदस्त आवाज, "साहेबांनी हे तळं बांधलं."

माझी आत्या त्याच कामावर होती. ती ताडकन उठली. "अगं बायांनो, माती खड्ड्यातून बांधावर न्यायची का बांधावरून खड्ड्यात? ह्यो तर उलटा चाललाय की!"

बाया पोट धरून हसल्या. कॅमेऱ्यावर ऊन येतंय म्हणून फिल्म काढली त्या दिवशी साहेबांना उलटं चालवलं होतं.

फिल्म दाखवणारा माणूस मात्र भला. त्यानं आवाज बंद केला आणि माईकच आत्याच्या हातात दिला. "मावशी, तुम्हीच सांगा."

आत्यानं पडद्यावरच्या एकेका बाईचं नाव घेतलं. सगळ्यात मागं दिसणारी शेवंता तर समोरच बसली होती, ती रडायलाच लागली.

"आणि साहेबांचं?" त्यानं विचारलं.

"त्येंचं बी सांगते. तळं आमी बांधलं, सायबानं त्यातली एक पाटी माघारी नेली. तरी बी दरसाल भरतंय बगा!"